"सरकणारच" मधला "च" कुठून आला? ह्यूमचं कार्यकारण पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

यूपीएससीला फिलॉसॉफी ऑप्शनल घेतलेली मुलं असोत, बीए-एमएवाले असोत नाहीतर नुसते आवड म्हणून वाचणारे असोत, अठराव्या शतकातल्या डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञापाशी आले की बहुतेकांच्या वहीत पहिलं वाक्य एकच पडतं, "ह्यूमने कार्यकारणभाव नाकारला", म्हणजे कारणामुळे कार्य घडतं हेच त्याला मान्य नव्हतं. मी पण कित्येक वर्षं हेच वाक्य धरून बसलो होतो आणि त्यामुळे पुढचं काहीच नीट लागत नव्हतं, कारण एकदा या माणसाने काहीतरी नाकारलंय असं मनात बसलं की तो नक्की काय शोधत होता ते बघायचं राहूनच जातं. म्हणून हा लेख. कुठून सुरू करायचं, काय वाचायचं, काय सोडलं तरी चालेल आणि वाचताना कुठला प्रश्न हातातून सुटू द्यायचा नाही, ते क्रमाने सांगतो.

प्रश्न एकच आहे आणि आपल्या मराठीत तो एका अक्षरात मावतो. ही दोन वाक्यं बघा. "स्ट्रायकर लागला की सोंगटी सरकते." आणि "स्ट्रायकर लागला की सोंगटी सरकणारच." पहिल्या वाक्यात काय होतं तेवढं सांगितलंय, दुसऱ्यात जास्तीचं काहीतरी आहे, की दुसरं काही होऊच शकत नाही. तो जो "च" आहे ना, त्यालाच इंग्रजी पुस्तकात नेसेसरी कनेक्शन म्हणतात आणि आपल्या पाठ्यपुस्तकात आवश्यक संबंध किंवा अनिवार्य संबंध. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून ह्यूमपर्यंतची साधारण साठ वर्षांची सगळी गोष्ट म्हणजे या "च"चा शोध आहे, तो आपल्याला मिळाला कुठून, डोळ्यांनी दिसला, मनात सापडला की आणखी कुठून आला. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि प्रत्येक चॅप्टर संपला की परत येऊन बघा.

सुरुवात पुस्तकाने करू नका, कॅरमने करा

हे मनापासून सांगतोय. ह्यूमची उदाहरणं बिलियर्डच्या चेंडूंची आहेत, आपल्यातल्या बहुतेकांनी बिलियर्डचं टेबल जवळून बघितलेलं नसतं, पण कॅरम घरात असतो. मी माझ्या भाचीला घेऊन बसलो होतो, ती तेव्हा अकरावीत होती. बोर्डावर एकच सोंगटी ठेवली, पावडर टाकली, तिला म्हटलं मार, आणि आता जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच कागदावर लिही. तिने लिहिलं: स्ट्रायकर गेला, टक् असा आवाज आला, स्ट्रायकरने सोंगटीला ढकललं, सोंगटी सरकली. मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे ढकलणं तुला दिसलं कधी? ती म्हणाली, मामा असं काय करतोस, दिसलं की. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. एका फ्रेममध्ये दोघांच्या मध्ये थोडी फट आहे, पुढच्या फ्रेममध्ये फट नाही, त्याच्या पुढच्यात सोंगटी थोडी पुढे गेलेली आहे. तिने तीन-चार वेळा मागे-पुढे केलं आणि मग हळूच म्हणाली, ढकलण्याची फ्रेमच नाहीये.

झालं, ती ह्यूमच्या दारात पोचली होती. तुम्हीही हे एकदा खरोखर करा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. कॅमेरा कितीही भारी आणा, फ्रेम कितीही वाढवा, जास्त बारीक घटना दिसतील, एकापाठोपाठ एक, पण "मुळे" किंवा "च" कुठल्याच फ्रेममध्ये येणार नाही.

लॉक: थोडाच वाचा, पण हे एवढं वाचाच

जॉन लॉकचा एसे कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग हा १६८९ च्या शेवटी बाहेर आला, छापील तारीख १६९० ची आहे म्हणून पुस्तकांमध्ये दोन्ही वर्षं दिसतात, गोंधळू नका. चार भागांचा जाडजूड ग्रंथ आहे, सगळा वाचायला घेतलात तर ह्यूम पुढच्या वर्षीवर जाईल. कार्यकारणासाठी दुसऱ्या भागातलं सव्विसावं प्रकरण वाचा, छोटं आहे, आणि एकविसाव्या प्रकरणातले पहिले चार-पाच परिच्छेद. ते एकविसावं प्रकरण पॉवरवर म्हणजे शक्तीवर आहे, अख्ख्या एसेमधलं सगळ्यात लांब, पण पुढे ते इच्छास्वातंत्र्याकडे वळतं तेव्हा थांबायला हरकत नाही.

लॉकचा मूळ नियम असा की मनात आधी कोरी पाटी असते, जे काही येतं ते अनुभवातून, एकतर इंद्रियांमधून नाहीतर मन स्वतःकडे बघतं त्यातून. मग कारण ही आयडिया कुठून आली? सव्विसाव्या प्रकरणात तो मेणाचं उदाहरण देतो, ठरावीक उष्णता लावली की मेण पातळ होतं, दर वेळी होतं, तर उष्णतेला आपण कारण म्हणतो आणि पातळपणाला कार्य. इथपर्यंत सोपं आहे आणि इथे "च" अजून आलेला नाही. तो येतो शक्तीच्या चर्चेत. आणि इथे लॉकची एक गोष्ट मला फार आवडते, चेंडूचं उदाहरण ह्यूमच्या आधी त्यानेच दिलंय आणि तोही म्हणतो की चेंडूकडे बघून खऱ्या क्रियाशक्तीची आयडिया मिळत नाही, चेंडू नुसता बाहेरून मिळालेली गती पुढे देतो, स्वतः काही सुरू करत नाही. मग सुरू करणं म्हणजे काय ते कुठे कळतं? तर आपल्या आत, मी हात उचलायचं ठरवतो आणि हात उचलला जातो, तिथे. म्हणजे लॉकचं उत्तर वहीत असं लिहा: "च" बाहेर अंधुक आहे, आत मात्र स्पष्ट सापडतो. हे उत्तर नीट लक्षात ठेवा कारण ह्यूम नंतर नेमकं यावरच हल्ला करणार आहे आणि ज्यांनी लॉक वाचलेला नसतो त्यांना तो हल्ला कोणावर चाललाय हेच कळत नाही.

मालब्रांश आणि बर्कली: एक संध्याकाळ पुरे

मालब्रांश फ्रेंच, धर्मगुरू, अनुभववादी, म्हणजे लॉकसारखं सगळं ज्ञान अनुभवातून येतं असं मानणारा, अजिबात नाही, तरी त्याला वगळू नका कारण ह्यूमने त्याच्याकडून बरंच उचललंय. त्याचा मुद्दा असा की खरं कारण तेच, ज्याच्या आणि कार्याच्या मध्ये मनाला अनिवार्य संबंध दिसतो, आणि असा संबंध फक्त देवाची इच्छा आणि तिचं फळ यांच्यातच दिसतो, म्हणून खरं कारण एकटा देव, बाकी सगळे प्रसंग, निमित्त. चेंडू चेंडूला लागला हे निमित्त, हलवतो देव. आपल्याकडे "निमित्तमात्र" हा शब्द गीतेमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे म्हणून हे पटकन समजल्यासारखं वाटतं, पण मालब्रांशचा रस्ता भक्तीचा कमी आणि तर्काचा जास्त आहे, तो आधी "च" कुठे दिसतो ते तपासतो आणि मग देवापर्यंत जातो.

बर्कली आयर्लंडचा, त्याचं प्रिन्सिपल्स हे पुस्तक १७१० चं. तो म्हणतो आपल्याला ज्या ज्या गोष्टी जाणवतात त्या सगळ्या आयडिया आणि आयडिया निष्क्रिय असतात, त्यांच्यात काही करायची ताकद नसते. आग दिसते आणि जवळ गेलं की चटका बसतो, पण दिसणारी आग ही चटक्याचं कारण नाही, आगाऊ इशारा देणारी खूण आहे. निसर्गाचे नियम म्हणजे एक प्रकारची भाषा, देव आपल्याशी बोलतोय. फार सुंदर कल्पना आहे. परीक्षेत लोक बर्कली आणि मालब्रांश एकाच टोपलीत टाकतात, ते करू नका, बर्कलीच्या मते आपले हातपाय आपणच हलवतो, म्हणजे आत्मा हा खरोखरचा कर्ता आहे, आणि आपण इथे मालब्रांशपासून वेगळे आहोत हे त्याने स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवलंय.

ह्यूम: कुठलं पुस्तक आधी

डेव्हिड ह्यूम, जन्म एडिंबराचा, १७११. ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर बराचसा त्याने फ्रान्समध्ये ला फ्लेश गावी बसून लिहिला, जिथल्या कॉलेजात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकला होता. त्यातली पहिली दोन पुस्तकं १७३९ मध्ये आली तेव्हा हा सत्तावीस वर्षांचा होता, आणि पुस्तक छापखान्यातून मेलेलंच जन्माला आलं असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. बरेच जण हाच ग्रंथ आधी उघडतात आणि पन्नास पानांत सोडून देतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी ॲबस्ट्रॅक्ट घ्या. ही छोटीशी पुस्तिका १७४० मध्ये निनावी छापली, ट्रीटाइजची ओळख करून देणारी, लेखक जणू कोणी तिसराच आहे अशी लिहिलेली, पण लिहिणारा ह्यूमच. ती विस्मरणात गेली होती, १९३८ मध्ये केन्स आणि स्राफा या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ती परत छापली. पुस्तकातला एकच युक्तिवाद घेऊन तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो असं तो त्यात म्हणतो, आणि तो युक्तिवाद म्हणजे कार्यकारणाचा. एका बैठकीत होते. त्यानंतर ह्यूमचंच १७४८ चं पुस्तक, एन्क्वायरी कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग, त्याचे विभाग ४, ५ आणि ७. आणि मग ट्रीटाइजच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा भाग. हे सगळं नेटवर फुकट आहे. जुनं इंग्रजी जड जात असेल तर जोनाथन बेनेट यांनी सोपी करून ठेवलेली आवृत्ती अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स या साइटवर आहे, समजायला ती वापरा पण उत्तरात अवतरण द्यायचं असेल तर मूळ मजकूरच बघा कारण त्यात शब्द बदललेले आहेत.

वाचायच्या आधी दोन शब्द. इम्प्रेशन म्हणजे थेट, ताजा, जोरकस अनुभव, चटका बसतो तो. आयडिया म्हणजे त्याची फिकी नक्कल, चटका आठवतो ती. मराठी पुस्तकांत आयडियाला "कल्पना" म्हणतात आणि तिथे नवीन माणूस घसरतो कारण आपल्याकडे कल्पना म्हणजे मनाने रचलेली, खोटी गोष्ट असा वास येतो, ह्यूमला तसं काही म्हणायचं नाही. मी नोट्समध्ये सरळ "ठसा" आणि "आयडिया" लिहितो. नियम असा की प्रत्येक साधी आयडिया कुठल्यातरी ठशाची नक्कल असते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढंच आहे ते. आणि यातूनच त्याचं हत्यार तयार होतं: एखादा मोठा शब्द संशयास्पद वाटला की विचारायचं, बाबा रे याचा ठसा दाखव. "आवश्यक संबंध" हा शब्द पोहऱ्यात आहे, म्हणजे आडात काहीतरी असलंच पाहिजे, पण कुठल्या आडात?

विभाग ४: इथे घाई केलीत तर सगळं फुकट

या विभागाला मी किमान तीन दिवस देतो. सुरुवातीला तो ज्ञानाचे दोन ढीग करतो. एक, आयडियांमधले संबंध, उदाहरणार्थ गणित, त्याचं उलट मनात धरता येत नाही, धरलं की विसंगती होते. दोन, वस्तुस्थिती, तिचं उलट कायम मनात धरता येतं. उद्या सूर्य उगवणार नाही हे वाक्य खोटं वाटतं पण त्यात विसंगती नाही, ते समजतं, चित्र डोळ्यासमोर येतं. डोळ्यासमोर नसलेल्या वस्तुस्थितीबद्दल आपण जे काही बोलतो ते सगळं कार्यकारणावर उभं आहे, म्हणून पाया तपासायला हवा.

मग तो विचारतो, अनुभव नसताना नुसत्या बुद्धीने कारणातून कार्य काढता येईल का? आदमला घ्या, नुकताच निर्माण झालेला, बुद्धी पूर्ण विकसित, अनुभव शून्य. पाणी पातळ आहे, पारदर्शक आहे, एवढं बघून हे मला गुदमरवून मारेल असं त्याला कळेल? आगीचा उजेड आणि ऊब बघून ही मला जाळेल असं कळेल? नाही. दुसरं उदाहरण गुळगुळीत संगमरवराच्या दोन तुकड्यांचं, एकावर एक ठेवले तर सरळ ओढून वेगळे करायला खूप जोर लागतो पण बाजूला सरकवले तर सहज सरकतात, ज्याने कधी बघितलं नाही त्याने नुसता विचार करून हे सांगून दाखवावं. कॅरमच्या बाबतीत आपल्याला वाटतं की मला बघायची गरजच नव्हती, सोंगटी सरकणार हे उघडच होतं, तर ह्यूम म्हणतो हे उघड वाटणं हीच सवयीची करामत, ती इतकी पक्की झालीय की स्वतःला लपवते.

तर अनुभव हवा. पण आता खरी गाठ. कालपर्यंत भाकरीने पोट भरलं, उद्याही भरेल, या दोन वाक्यांच्या मध्ये पूल कुठला? ब्रेडचं उदाहरण त्याचंच, मी भाकरी म्हटलं एवढंच. पूल असा सांगता येईल की "भविष्य भूतकाळासारखं असतं". बरं, हे वाक्य कशाने सिद्ध करणार? गणितासारखं सिद्ध होणार नाही, कारण निसर्गाने रस्ता बदलला असं मनात धरता येतं, विसंगती नाही. मग अनुभवाने? आजपर्यंत नेहमी भविष्य भूतकाळासारखं निघालं म्हणून पुढेही निघेल, असं म्हणायचं तर जे सिद्ध करायचंय तेच आधी धरून चाललो, ये रे माझ्या मागल्या. इथे वही बंद करा, एक चक्कर मारून या आणि हा युक्तिवाद पुस्तक न बघता कोणाला तरी तोंडी सांगा. सांगता आला नाही तर परत वाचा. मी बघितलंय की हा एक परिच्छेद ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो त्याला पुढचं सगळं सोपं जातं आणि ज्याला येत नाही तो शेवटपर्यंत पाठ केलेलंच बोलत राहतो.

विभागाच्या शेवटी लहान मुलाचा मुद्दा आहे, तो सुटू देऊ नका. मेणबत्तीचा चटका बसलेलं पोर पुन्हा ज्योतीला हात लावत नाही. तुम्ही म्हणाल की यामागे काहीतरी खोल युक्तिवाद आहे, तर मग तो त्या पोराला कधी सुचला?

विभाग ५: छोटा, पण उत्तर इथे आहे

युक्तिवादाने आपण तिथे पोचत नाही तर कशाने पोचतो? सवयीने. त्याचा शब्द कस्टम. दोन गोष्टी वारंवार जोडीने दिसल्या की एक समोर आली की मन आपोआप दुसरीकडे जातं, तेही नुसतं आठवत नाही तर विश्वास ठेवतं. हे तो तक्रारीच्या सुरात बोलत नाहीये. सवयीला तो माणसाच्या आयुष्याची मोठी वाटाडी म्हणतो, तिच्याशिवाय आपण डोळ्यासमोरच्या क्षणापलीकडे आंधळे असतो. ह्यूमला निराशावादी म्हणून शिकवलं जातं तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

विभाग ७: "च" सापडतो ती जागा

आता सगळं हातात आहे, आता ठशाचा शोध. आधी बाहेर बघा, चेंडूंमध्ये. नाही सापडत, आपण व्हिडिओत बघितलं. मग आत बघा, लॉकने सांगितलं तिथे, इच्छा आणि हात. इथे ह्यूम तीन गोष्टी विचारतो आणि तीनही लॉकच्या उत्तरावर आहेत. एक, मन शरीराला हलवतं कसं यापेक्षा गूढ काही जगात आहे का, आणि तुम्ही म्हणता ते स्पष्ट दिसतं. दोन, जीभ आणि बोटं इच्छेने हलतात, हृदय आणि यकृत का नाही? शक्ती खरोखर दिसत असती तर तिची हद्द कुठे संपते तेही अनुभवाआधीच दिसलं असतं. अचानक लकवा मारलेला माणूस आधी हात हलवायचा प्रयत्न करतोच, त्याला आतून शक्ती गेल्याचं दिसत नाही, हात हलला नाही तेव्हा कळतं. तीन, शरीरशास्त्र सांगतं की इच्छेने थेट हात हलत नाही, आधी स्नायू, नसा आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे नसांमधून वाहणारे सूक्ष्म प्राणद्रव, म्हणजे मधली मोठी साखळी, आणि त्या साखळीची आपल्याला आतून खबरही नसते. जी गोष्ट आपण आधी घडवतो तीच आपल्याला माहीत नाही आणि म्हणे शक्ती स्पष्ट जाणवते.

मग मालब्रांशचा देव. ह्यूम म्हणतो या रस्त्याने शेवटच्या पायरीच्या बरंच आधी आपण परीकथेच्या देशात पोचतो, आणि तसंही देवाची शक्ती कशी चालते याचा ठसा आपल्याकडे कुठेय, आपल्याच मनावरून तर आपण देवाचं मन रचतो, आणि आपल्या मनात ती सापडली नाही हे आत्ताच बघितलं.

म्हणजे बाहेर नाही, आत नाही, वर नाही. एका प्रसंगात तर काहीच नाही. पण शंभर प्रसंगांनंतर आपण "च" म्हणायला लागतो. मग शंभराव्यात पहिल्यापेक्षा जास्त काय आहे? चेंडूत काहीच नाही, तो तसाच आहे. जास्त आहे ते बघणाऱ्यात.

माझ्यासाठी हे स्वयंपाकघरात उलगडलं. आई फोडणी करताना बघत उभा होतो. पळीत तेल तापलं, मोहरी पडली, आणि एकही दाणा तडतडायच्या आत तिचा डावा हात झाकणाकडे गेला होता. ती माझ्याशी दुसऱ्याच विषयावर बोलत होती, तेलाकडे लक्षही नव्हतं. मग तडतड सुरू झाली. तो जो हात आधीच निघाला ना, मोहरी पडण्यापासून तडतडीकडे मनाने आपोआप घेतलेली ती ओढ, ह्यूम म्हणतो की ती ओढ आतून जाणवते आणि ती जाणीव म्हणजेच आपण शोधत होतो तो ठसा. आवश्यक संबंधाची आयडिया याची नक्कल. पहिल्यांदा फोडणी करणाऱ्या पोरीला तेल, मोहरी, आवाज सगळं तेवढंच दिसतं, तिचा हात मात्र निघत नाही, तिचा हात निघतो अंगावर तेल उडाल्यावर. दोघींच्या पळीत फरक शून्य आहे.

मग आपल्याला तो "च" मोहरीतच आहे असं का वाटतं? कारण मनाला स्वतःला बाहेरच्या वस्तूंवर पसरवायची खोड आहे, हे वाक्य ट्रीटाइजमध्ये आहे, पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागातल्या चौदाव्या प्रकरणात. ते प्रकरण आता वाचा. आणि त्याआधी त्याच भागातलं दुसरं प्रकरण, तिथे तो शोधाला निघतो, सान्निध्य सापडतं, आधी-नंतर सापडतं, पण एवढं पुरत नाही म्हणतो, कारण एखादी गोष्ट दुसरीच्या शेजारी आणि आधी असूनही तिचं कारण नसू शकते. आपण म्हणतोच ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मग अनिवार्य संबंध शोधतो, सापडत नाही, तेव्हा हरवलेली वस्तू जिथे अपेक्षित होती तिथे नाही म्हटल्यावर आजूबाजूची शेतं धुंडाळणाऱ्या माणसासारखं मी आता बाजूचे प्रश्न घेतो असं सांगून निघून जातो, आणि जो परत येतो तो थेट चौदाव्यात. हे माहीत नसलं की मधली प्रकरणं भरकटल्यासारखी वाटतात.

दोन व्याख्या शेजारीशेजारी लिहा

विभाग ७ च्या शेवटी कारणाच्या दोन व्याख्या आहेत. पहिली: अशी वस्तू जिच्यामागून दुसरी येते, आणि पहिलीसारख्या सगळ्या वस्तूंच्या मागून दुसरीसारख्याच येतात. दुसरी: अशी वस्तू जिच्यामागून दुसरी येते आणि जी समोर आली की मन नेहमी त्या दुसरीकडे जातं. पहिलीत बघणारा नाही, दुसरीत आहे. या दोन्ही एकाच गोष्टीच्या कशा, यावर अभ्यासक अजून भांडतात, कारण ज्या जोड्या कोणी बघितल्याच नाहीत त्या पहिलीत बसतील आणि दुसरीत बसणार नाहीत. पहिल्या व्याख्येला लागूनच "म्हणजेच, पहिली नसती तर दुसरी कधीच झाली नसती" असं एक वाक्य आहे, ते नुसता दुसरा शब्दप्रयोग असल्यासारखं येतं पण अर्थ चांगलाच वेगळा आहे, आणि १९७३ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुइसने त्याच वाक्यावरून कार्यकारणाची स्वतंत्र थिअरी उभी केली.

आठ नियम, जे कोणी वाचत नाही

चौदाव्यानंतर लगेच पंधरावं प्रकरण, दोन-तीन पानांचं, कारण आणि कार्य कसं ओळखायचं याचे आठ नियम. कार्यकारण नाकारणारा माणूस कारण ओळखायचे नियम कशाला देईल, एवढं एक विचारलं तरी सुरुवातीचं ते वाक्य वहीतून खोडावं लागतं. चौथा नियम म्हणतो सारख्या कारणाने नेहमी सारखंच कार्य होतं. सहावा म्हणतो दोन सारख्या वस्तूंची फळं वेगळी आली तर फरक त्या ज्या बाबतीत वेगळ्या आहेत तिथेच शोधा. तेच दूध, तेच विरजण, काल दही लागलं आणि आज नाही, तर आपण दुधाला शिव्या देत नाही, आज काय वेगळं होतं ते बघतो, दूध कोमट न करता थंडच विरजलं होतं का. हाच तो नियम. पुढे १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने कारण शोधायच्या ज्या पद्धती मांडल्या त्यांची मुळं इथे दिसतात.

गैरसमज मात्र ह्यूमच्या हयातीतच सुरू झाला. १७४५ मध्ये एडिंबराच्या विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी त्याचं नाव होतं, तेव्हा विरोधकांनी लावलेल्या आरोपांत कारण-कार्याचा सिद्धांत नाकारतो हा एक होता, आणि ती जागा त्याला मिळाली नाही. १७५४ च्या एका पत्रात त्याने स्पष्ट लिहिलंय की एखादी गोष्ट कारणाशिवाय उद्भवू शकते असलं विचित्र विधान मी कधीच केलेलं नाही, ती खात्री कुठून येते एवढाच माझा मुद्दा होता. म्हणून उत्तरात असं लिहा: आवश्यक संबंध वस्तूंमध्ये आपल्याला दिसतो हे ह्यूम नाकारतो, त्याचा उगम मनाच्या सवयीत दाखवतो. वस्तूंमध्ये लपलेली शक्ती असेलही, फक्त आपल्याला कळत नाही, असं त्याचं मत होतं का यावर १९८० च्या दशकापासून जोरदार वाद आहे, गेलन स्ट्रॉसन यांचं १९८९ चं पुस्तक या बाजूचं. पहिल्या वाचनात त्यात शिरू नका.

आपल्याकडचे विद्यार्थी इथे चार्वाकाशी, म्हणजे प्राचीन भारतीय जडवादी मताशी, तुलना करतात, ती रास्त आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रह या भारतीय दर्शनांवरच्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात चार्वाक विचारतो की धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे कधी न चुकणारी जोडी, तुम्ही मिळवली कुठून, सगळे धूर तर कोणी बघितले नाहीत, आणि अनुमानाने मिळवली म्हणाल तर अनवस्था, म्हणजे कधी न संपणारी साखळी. ह्यूमच्या विभाग ४ शी हे किती जवळ आहे ते दिसतंच. पण चार्वाक यावरून अनुमान हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, म्हणून बाद करतो आणि ह्यूम अनुमान करत राहायला सांगतो, वर चांगलं कसं करायचं याचे नियम देतो. तुलना लिहिताना हा फरक आधी लिहा.

शेवटचं काम. थॉमस रीड, ह्यूमचाच समकालीन स्कॉटिश विचारवंत, त्याने १७८८ च्या पुस्तकात विचारलं: रात्रीमागून दिवस येतो, जगाच्या सुरुवातीपासून न चुकता येतोय, मग ह्यूमच्या व्याख्येप्रमाणे रात्र हे दिवसाचं कारण झालं का? जर्मन तत्त्वज्ञ कांट १७८३ मध्ये ह्यूमनेच मला झोपेतून जागं केलं म्हणाला आणि वेगळ्याच रस्त्याने गेला, त्याच्याकडे नंतर जा. आधी रीडचा हा एक प्रश्न घ्या, कुठेही उत्तर न शोधता दोन्ही व्याख्या समोर ठेवा, सहावा नियम शेजारी ठेवा, ध्रुवांवर सहा महिने रात्र असते हेही लक्षात घ्या, आणि एक पान लिहून काढा.